एकादशी, दिवे घाट

पहाटे साडेचार. भवानी पेठेत पालखी विठोबाच्या देवळाजवळ आमची फिरत्या दवाखान्याची गाडी उभी आहे. सामान मोजून घेते: पट्ट्या, मलमं, दोन ग्लुकोमीटर, ओआरएसची पाकिटं, साखर, लिंबं आणि सैंधवाची एक बरणी. सैंधव दरवर्षी न विसरता घेते, कारण ज्ञानोबांची पालखी पुणे सोडते ती ज्येष्ठ वद्य एकादशीला. वारीतली ही सगळ्यात लांबची चाल, सासवडपर्यंत तीस किलोमीटरच्या वर, मध्ये दिवे घाट, आणि पोटात उपास.

सहा. पालखी निघाली. हडपसरपर्यंत आमच्याकडे पायांचीच कामं. फोड फोडायचे नाहीत, धुवायचे, झाकायचे. एक शेतकरी अनवाणी. नवस आहे. अंगठ्याखाली जखम, तळव्याला टोचलं तरी कळत नाही. ‘दुखत नाही माऊली,’ असं तो आनंदानं सांगतो आणि मला धास्ती वाटते, कारण साखरेच्या आजारात न दुखणारा पायच घात करतो. चप्पल त्याला नको. जाड पट्टी बांधून त्यावर मोजे घातले तर चालेल का, विचारलं. थोडा विचार करून म्हणाला, ‘मोज्यांचा नवस नव्हता केला.’ उद्या सकाळी पाय दाखवायला यायचं कबूल करून गेला.

दहा. बायकांची रांग. तिघींनी आळंदीपासून रक्तदाबाची ‘पाण्याची गोळी’ बंद केली आहे. कारण श्रद्धेचं नाही, आडोशाचं आहे. फिरती शौचालयं आली म्हणून पुष्कळ फरक पडला, पण दिंडी चालू असताना बाई रांग सोडून जाणार कुठे? म्हणून गोळी बंद, आणि पाणीही कमी. याला भोळेपणा म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

साडेबारा. वडकी नाला, दुपारचा विसावा. एकाने क्षयाच्या गोळ्या तिसऱ्या महिन्यात सोडल्यात. खोकला थांबला, आता माऊली बघतील, म्हणतो. मी समजावलं, मग आवाज चढला माझा. सहा महिन्यांचा कोर्स मध्येच सोडला तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात, आणि रात्री राहुटीत शेजारी पंधरा जण झोपतात. तो हात जोडून निघून गेला. त्याच्या गावच्या आशाताईंचा नंबर तेवढा मिळाला. त्यांना फोन केला.

दोनच्या सुमारास एका आजींनी ओआरएस नाकारलं. उपासाला साधं मीठ चालत नाही. रसायनशास्त्रात सैंधव म्हणजेही सोडियम क्लोराइडच, पण त्यांच्या व्रतात फरक आहे आणि उन्हात वाद घालायला मला वेळ नाही. एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा सैंधव, लिंबू. घटाघट प्यायल्या.

चार. घाट. रथाला जादा बैलजोड्या जोडल्यात, खाली मस्तानी तलाव, आणि वरपर्यंत नुसत्या पताका. एका वळणावर डोक्यावर तुळस घेतलेली साठीची बाई बसली ती उठेना. घामानं भिजलेली, बोलणं अडखळतंय. साखर ४८. सकाळी ग्लिमेपिराइड घेतलेली, आणि एकादशी निर्जळी. ‘डॉक्टर म्हणाले होते, गोळी एक दिवससुद्धा चुकवायची नाही.’ तिने डॉक्टरांचंही ऐकलं होतं आणि पांडुरंगाचंही.

पाण्यात तीन चमचे साखर ढवळली, तर तिने ओठ मिटले. विणेकरी खांद्यावरच्या वीण्यासकट वाकले. ‘माऊली, तीर्थ म्हणून घ्या.’ मी स्वतः असं कधी म्हणत नाही. माझ्या हातात औषध असतं, त्याला तीर्थ म्हणायचा मला अधिकार नाही. त्यांना आहे. ती प्यायली. पंधरा मिनिटांनी साखर ८६. मग केळं, शेंगदाण्याचा लाडू. या गोळीचा असर तासन् तास टिकतो, म्हणून पुढे चालू दिलं नाही, गाडीत घेतलं. तुळस दुसरीने डोक्यावर घेतली.

गाडीत तिची चिठ्ठी वाचली. ‘सकाळी एक, जेवणाआधी.’ जेवणच नसेल त्या दिवशी काय, ते नाही. अशा चिठ्ठ्या मीही वर्षानुवर्षं लिहिल्या. माळकऱ्याला महिन्यात दोन एकादश्या ठरलेल्या, गळ्यातली माळ समोर दिसत असते, तरी मी विचारलं नाही. रमजानच्या रोजांसाठी मधुमेहतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थांनी २०१६ आणि पुन्हा २०२१ मध्ये मार्गदर्शिका काढल्या: कोणती गोळी कमी करायची, साखर कितीवर आली की रोजा सोडायचा. ते वाचल्यावर माझ्या केसपेपरवर ‘उपास कोणते?’ हा रकाना आला, फार उशिरा.

साडेआठ. सासवड. समाजआरतीला चोपदारांनी दंड उंचावला आणि एवढा जनसमुदाय एकदम गप्प झाला. एका दिंडीचे टाळ मात्र वाजत राहिले. तक्रार असली की टाळ थांबवायचे नाहीत, ही इथली रीत. चोपदार तिकडे गेले, ऐकून घेतलं, तेव्हा टाळ थांबले.

दहा. पेट्या बंद करताना ती घाटातली बाई आली, सोबत तिच्या दिंडीतल्या आणखी चौघी, प्रत्येकीच्या हातात गोळ्यांची पिशवी.

‘उद्या बारस. गोळी पारण्याच्या आधी घ्यायची का नंतर?’

‘ताट समोर आल्याशिवाय नाही. पहिल्या घासाबरोबर घ्या. आणि पुढच्या एकादशीचं आत्ताच लिहून देते, बसा.’