गरोदरपणातील मूळव्याध

सातव्या महिन्यात आपल्याकडे ओटीभरण होते. गोतातल्या बायका जमतात, लेकीसुनेला हिरवी साडी नेसवतात आणि काय खावेसे वाटते ते आवर्जून विचारतात. डोहाळे पुरविण्याची ही रीत मोठी गोड आहे. परंतु त्या दिवशी "तुझे पोट साफ होते का गं?" असे तिला सहसा कोणी विचारीत नाही. खरे पाहता याच सुमारास पुष्कळ गरोदर स्त्रियांना मूळव्याधीचा त्रास सुरू होतो आणि त्याचे मूळ बहुधा या न विचारलेल्या प्रश्नातच असते. हा विषय चारचौघांत कसा काढावा, असा संकोच प्रथम आम्हांसही वाटला. पण संकोचानेच हे दुखणे वाढते. तेव्हा तो बाजूस ठेवून बोलणे भाग आहे.

मूळव्याध म्हणजे काय, हे आधी पाहू. गुदद्वाराच्या आतल्या बाजूस रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या असतात. त्या प्रत्येकालाच असतात आणि शौचाचे द्वार नीट मिटून ठेवण्यास मदत करतात. त्यांत रक्त साचून त्या फुगल्या, खाली सरकल्या, म्हणजे त्यांस आपण मोड किंवा कोंब म्हणतो. मोड आतले असले तर ते बहुधा दुखत नाहीत. शौचाच्या वेळी लाल रक्त मात्र पडते. बाहेरचे असले तर खाज, आग व ठणका लागतो. आयुर्वेदात या रोगास अर्श असे नाव आहे. रोग जुनाच आहे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

आता गरोदरपणातच तो का उचल खातो? याची कारणे तीन. गर्भाच्या पोषणासाठी आईच्या अंगातील रक्ताचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने वाढते. दुसरे असे की, वाढलेल्या गर्भाशयाचा भार ओटीपोटातल्या शिरांवर पडतो आणि खालच्या अंगाचे रक्त वर चढण्यास अडथळा होतो. तिसरे कारण, या दिवसांत शरीरात वाढणाऱ्या प्रोजेस्टेरॉन नावाच्या द्रव्याने आतड्यांची हालचाल मंदावते, शिरांच्या भिंतीही सैल पडतात. मल आतड्यांत रेंगाळला की त्यातले पाणी शोषले जाते, तो खडा होतो आणि बाईला कुंथावे लागते. भरलेल्या शिरांवर कुंथण्याचा जोर पडला म्हणजे मोड आलेच. पहिल्या दोन कारणांवर आपला इलाज फार थोडा. कुंथण्यावर मात्र पुष्कळ चालतो, आणि प्रतिबंधाचे सारे काम तेथेच आहे.

उदाहरणादाखल पेडगावाकडचा मुलूख घेऊ. परभणीहून मानवत रोडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर हे गाव लागते. भोवती काळी जमीन. कापूस, सोयाबीन, तूर, रब्बीला ज्वारी. या मुलखात राबणारी बाई दिवस भरत आले तरी कामावर असते. अलीकडे पुष्कळ घरी संडास झाले. पण शेतात आडोसा कोठला? परसाकडे जाण्याची पाळी येऊ नये म्हणून ती पाणीच कमी पिते आणि कळ आली तरी घरी परतेपर्यंत दाबून धरते. त्यात परभणीचा उन्हाळा चाळीस अंशांच्या वर जाणारा. घामावाटे पाणी जाते, तोंडावाटे येत नाही. मग मल खडा न होईल तर काय? शहरातली बाई कचेरीत याच कारणाने पाणी टाळते. पुस्तकात लिहिलेले "भरपूर पाणी प्यावे" हे वाक्य खरेच आहे. परंतु निर्धास्तपणे जाण्याची सोय असल्याशिवाय ते वाक्य बाईच्या उपयोगी पडत नाही. ती सोय करणे हे घरच्या पुरुषांचे आणि काम देणाऱ्याचे कर्तव्य आहे.

आहाराच्या बाबतीत या मुलखाला दूर जावयास नको. ज्वारीची भाकरी, हरभऱ्याची उसळ, गवार, भेंडी, मेथी, चुका, अंबाडी, पेरू यांत चोथा भरपूर असतो. दिवसाला पंचवीस-तीस ग्रॅम चोथा पोटात जावा. गव्हाचे पीठ बारीक चाळून कोंडा गुरांना घालू नये. बिस्किटे, पाव, वेळोवेळचा चहा यांवर भूक भागवू नये. चोथा हळूहळू वाढवावा आणि त्याबरोबर दिवसाकाठी आठ-दहा पेले पाणी घ्यावे. कोरडा चोथा उलट पोट धरतो. ताक व पातळ वरण यांचीही मदत होते.

येथे एका गोष्टीकडे विशेष लक्ष वेधतो. गरोदर स्त्रीस सरकारी दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या मिळतात. चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान १८० दिवस. या गोळ्यांनी काहींचे पोट धरते. मग मूळव्याध झाली की बाई गोळ्या गुपचूप बंद करते. पाकीट फळीवर तसेच राहते आणि आशाताईंना मात्र "घेते" म्हणून सांगते. यासारखे घातक दुसरे नाही. अंगात रक्त कमी, त्यात मोडातून थोडे थोडे जाणारे, आणि पुढे बाळंतपणातला रक्तस्राव. अशक्त बाईस तो झेपत नाही. म्हणून गोळी सोडण्यापूर्वी डॉक्टरांस सांगावे. गोळी जेवणानंतर किंवा रात्री झोपताना घेता येते, प्रकार बदलून मिळतो. चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर ती घेऊ नये. या गोळ्यांनी मल काळसर होतो. ते रक्त नव्हे, त्यास भिऊ नये. परभणीच्या कृषी विद्यापीठातून २०१८ साली लोह व जस्त अधिक असलेले 'परभणी शक्ती' हे ज्वारीचे वाण आले, ही आनंदाची गोष्ट आहे. तथापि भाकरीने गोळीची जागा भरून निघत नाही.

शौचाची कळ आली की लगेच जावे. उकिडवे बसणे चांगलेच. पण शेवटच्या महिन्यांत तोल जातो, म्हणून भिंतीत धरावयास एक दांडी बसवावी. कमोड असल्यास पायांखाली बुटका पाट घ्यावा. दहा-दहा मिनिटे बसून राहू नये, मोबाईल तर बाहेरच ठेवावा. पाण्याचे हंडे व कापसाचे गाठोडे उचलणे टाळावे. फार वेळ एकाच जागी उभे राहू नये. रोज थोडे चालावे. दुपारी डाव्या कुशीवर पडल्याने गर्भाशयाचा भार हलका होतो व शिरांना विसावा मिळतो.

मोड आलेच तर घरचे उपाय साधे आहेत. पसरट टबात कोमट पाणी घेऊन दिवसातून दोन-तीन वेळा दहा-पंधरा मिनिटे बसावे. सूज ठणकत असल्यास फडक्यात बर्फ गुंडाळून थोडा वेळ शेकावे. शौचानंतर पाण्याने हळुवार धुऊन मऊ कापडाने टिपावे. डॉक्टरांच्या सल्ल्याने इसबगोल पेलाभर पाण्यातून घेता येतो. तो व लोहाची गोळी यांत दोन तासांचे अंतर ठेवावे. मलम किंवा जुलाब मनाने घेऊ नये. एरंडेल तर मुळीच नको. त्याने कळा सुरू होण्याचा धोका असतो. मोडावर बिब्बा लावणाऱ्यांपासून, तसेच "एका सुईत मूळव्याध नाहीशी" अशी पाटी लावणाऱ्यांपासून दूर राहावे. बिब्ब्याने कातडी जळते आणि नको त्या वेळी नको तेथे जखम होते.

रक्त दिसले की ते कोठून आले याची खात्री करून घ्यावी. शौचाच्या वाटेने चार थेंब आले तरी पुढच्या तपासणीत सांगावे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची खास तपासणी असते. मात्र शेवटच्या महिन्यांत अंगावरून रक्त गेले तर ते मूळव्याधीचे समजून घरी बसू नये. तडक रुग्णालय गाठावे, १०८ वर गाडी बोलवावी. शौचाच्या वाटेने पुष्कळ रक्त गेले, घेरी आली, ताप आला, किंवा मोड निळाकाळा, कठीण होऊन असह्य दुखू लागला, तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. एरवी काळजीचे कारण नाही. बहुतेकींचे मोड बाळंतपणानंतर काही आठवड्यांत आपोआप ओसरतात. केवळ मोड आहेत म्हणून पोट फाडून बाळंतपण करावे लागत नाही.

आनंदीबाई जोशी यांनी १८८३ साली बंगालमधील सेरामपूर येथे भाषण करून आपण परदेशी वैद्यक शिकण्यास का जात आहोत ते सांगितले. हिंदी स्त्रियांस स्त्री-डॉक्टरांची गरज आहे, हे त्यांचे मुख्य कारण होते. १८८६ साली फिलाडेल्फिया येथे त्या डॉक्टर झाल्या. आज तालुक्याच्या गावीही स्त्री-डॉक्टर भेटतात, दारी आशाताई येतात. तरी बाईच्या ओठांवरचे कुलूप पुरते निघालेले नाही. ते बाहेरून निघत नाही. घरातल्या सासूने, आईने, नवऱ्याने ते काढावयाचे असते. म्हणून पुढच्या ओटीभरणाला आंबट की गोड हे जरूर विचारा. आणि बायका पांगल्यावर, तिला जवळ बसवून, तो दुसरा प्रश्नही विचारा.