कोलिस्टिन आणि कोंबडीखत

भंडारा जिल्ह्यात धानाच्या बांधीत शेणखताबरोबर कोंबडीखतही पडतं. कोंबड्यांना दिलेल्या अनेक अँटिबायोटिक्सचा अंश विष्ठेतून बाहेर येतो आणि औषधाला न जुमानणारे जिवाणूही त्याच खतातून शेतात पोचू शकतात.

कोलिस्टिनचंच घ्या. बाकीची औषधं हरली की आयसीयूत डॉक्टर हे काढतात. त्याचा रेणू धन प्रभाराचा, ई. कोलायसारख्या जिवाणूचं आवरण ऋण प्रभाराचं. औषध तिथे चिकटतं आणि आवरण फाडतं. एमसीआर-१ हे जनुक आवरणाचा ऋण प्रभारच कमी करतं, मग औषधाला पकड मिळत नाही. चिनी शास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये ते जगासमोर आणलं. खरी धास्ती पुढे आहे: हे जनुक प्लाझ्मिड या डीएनएच्या सुट्या कड्यावर असतं आणि एक जिवाणू ते दुसऱ्या जातीच्या जिवाणूलाही देऊ शकतो. असं मोलाचं औषध आपल्याकडे कोंबड्या लवकर वाढाव्यात म्हणून खाद्यात मिसळलं जात होतं! केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत त्यावर बंदी घातली.

इतर अँटिबायोटिक्स मात्र वापरात आहेतच. म्हणून पक्षी मलूल दिसले की दुकानातून पुडी आणण्याआधी पशुवैद्यकाला दाखवा. खत नीट कुजवूनच बांधीत टाका, आणि कच्चं चिकन कापलेल्या विळीवर न धुता काकडी चिरू नका.