चीनमधील परदेशी जोडीदारांचे वास्तव्य

चिनी नागरिकाशी किंवा चीनमध्ये राहणाऱ्या परदेशी व्यक्तीशी विवाह केलेल्या परदेशी जोडीदाराला चीनच्या मुख्य भूमीवर दीर्घकाळ राहण्यासाठी व्हिसा, वास्तव्य परवाना आणि स्थायी वास्तव्य हे मार्ग उपलब्ध आहेत. केवळ विवाहामुळे वास्तव्याचा हक्क आपोआप मिळत नाही. हाँगकाँग व मकाऊ येथील नियम स्वतंत्र आहेत.

कायदा व व्हिसाचे प्रकार

परदेशी व्यक्तींच्या वास्तव्याचे नियमन ३० जून २०१२ रोजी संमत झालेल्या आणि १ जुलै २०१३ पासून लागू झालेल्या प्रवेश-निर्गमन कायद्याने होते. कुटुंबीयांसाठीचे 'क्यू' आणि 'एस' हे प्रकार १ सप्टेंबर २०१३ पासून अस्तित्वात आले. त्यापूर्वी नातेवाइकांच्या भेटीसाठीही पर्यटनाचाच 'एल' व्हिसा दिला जात असे.

चिनी नागरिकाच्या अथवा स्थायी वास्तव्यधारकाच्या जोडीदाराला क्यू-१ व्हिसा मिळतो. नोकरी, शिक्षण इत्यादी कारणांनी चीनमध्ये राहणाऱ्या परदेशी व्यक्तीच्या जोडीदारासाठी एस-१ व्हिसा आहे. क्यू-२ व एस-२ हे १८० दिवसांपर्यंतच्या भेटीसाठी असतात.

वास्तव्य परवाना

क्यू-१ व एस-१ हे दीर्घ मुदतीचे व्हिसा म्हणून ओळखले जात असले, तरी प्रत्यक्षात ते केवळ प्रवेशापुरते असतात. प्रवेशानंतर ३० दिवसांच्या आत स्थानिक सार्वजनिक सुरक्षा विभागाच्या प्रवेश-निर्गमन कार्यालयात वास्तव्य परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. नोकरीव्यतिरिक्त अन्य कारणांसाठीचा परवाना किमान १८० दिवसांचा व कमाल ५ वर्षांचा असतो. एक वर्ष किंवा त्याहून अधिक मुदतीसाठी आरोग्य प्रमाणपत्र आवश्यक असून ते सहा महिन्यांच्या आतील असावे लागते. हॉटेलव्यतिरिक्त अन्यत्र, म्हणजे सासरच्या घरीही, मुक्काम असल्यास २४ तासांच्या आत पोलिसांकडे नोंद करणे बंधनकारक आहे.

कौटुंबिक परवान्यावर नोकरी करता येत नाही. अनेक कुटुंबांना सर्वाधिक जाचणारी अट हीच आहे. नोकरीसाठी कार्यपरवाना व नोकरीच्या प्रकारचा वास्तव्य परवाना हे दोन्ही लागतात. विनापरवाना काम केल्यास ५,००० ते २०,००० युआन दंड होतो. गंभीर प्रकरणांत त्यासोबत ५ ते १५ दिवसांची स्थानबद्धताही होऊ शकते.

हा परवाना नात्यावर आधारलेला असल्यामुळे घटस्फोट झाल्यास किंवा जोडीदाराचा मृत्यू झाल्यास वास्तव्याचा मूळ आधारच नाहीसा होतो. परवान्यातील नोंदींत बदल झाल्यास १० दिवसांत कळवावे लागते. एस-१ वर आलेल्या व्यक्तीचे वास्तव्य जोडीदाराच्या नोकरीशी वा शिक्षणाशी बांधलेले असते.

स्थायी वास्तव्य

२००४ च्या नियमांनुसार चिनी नागरिकाच्या किंवा स्थायी वास्तव्यधारकाच्या जोडीदाराला विवाहास पाच वर्षे पूर्ण झाल्यावर अर्ज करता येतो. त्यासाठी चीनमध्ये सलग पाच वर्षे, दरवर्षी किमान नऊ महिने वास्तव्य असावे लागते, तसेच उपजीविकेचे स्थिर साधन व निवास असावा लागतो. आजारी आईवडिलांच्या सेवेसाठी काही महिने मायदेशी गेलेल्या व्यक्तीला नऊ महिन्यांची अट अडचणीची ठरू शकते. प्रौढांचे ओळखपत्र दहा वर्षांसाठी वैध असते आणि त्यावर कार्यपरवान्याविना नोकरी करता येते.

नागरिकत्वाचा पर्यायही आहे. १९८० च्या राष्ट्रीयत्व कायद्यानुसार चिनी नागरिकांचे जवळचे नातेवाईक अर्ज करू शकतात. मात्र चीन दुहेरी नागरिकत्व मान्य करीत नाही. भारतही ते मान्य करीत नसल्याने भारतीय जोडीदाराला चिनी नागरिकत्वासाठी भारतीय नागरिकत्व सोडावे लागते.

कोविड-१९ काळातील निर्बंध

२८ मार्च २०२० पासून चीनने वैध व्हिसा व वास्तव्य परवाना असलेल्या परदेशी व्यक्तींचाही प्रवेश स्थगित केला. २८ सप्टेंबर २०२० पासून नोकरी, खासगी बाबी आणि कुटुंब-पुनर्मीलन या कारणांसाठीचे वैध परवाने असणाऱ्यांना पुन्हा प्रवेश मिळू लागला. भारतात असलेल्या परवानाधारकांचा प्रवेश मात्र नोव्हेंबर २०२० मध्ये पुन्हा थांबवण्यात आला. चिनी नागरिकांच्या भारतीय कुटुंबीयांसाठी व्हिसा अर्ज जून २०२२ मध्ये पुन्हा खुले झाले. दरम्यानच्या काळात अनेक जोडपी दोन देशांत विभागली गेली होती.