गॅमा किरण आणि प्रकाश यांची जोडी

बारामती-इंदापूरकडील ज्या भगिनींना स्तनाच्या कर्करोगावरील उपचारांसाठी परळच्या, १९४१ साली स्थापन झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयाची वाट धरावी लागते, त्यांच्या काखेतील कोणत्या लसिकाग्रंथीत रोग प्रथम शिरण्याचा संभव आहे, याचा तपास सरसकट सर्व ग्रंथी न काढता लागला, तर हाताला जन्मभर सूज येण्याचा धोका पुष्कळ घटतो. माझ्या मते गॅमा किरण आणि प्रकाश यांची जोडी जमविणाऱ्या शोधाचे खरे मोल येथेच आहे. अवघे ६ तास अर्धायुष्य असलेले टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सर्गी द्रव्य टोचले असता त्याचे गॅमा किरण खोलवरच्या ग्रंथीचाही ठावठिकाणा देतात, परंतु तिची हद्द रेखीवपणे दाखवीत नाहीत. उलट इंडोसायनिन ग्रीन हे रंगद्रव्य अवरक्त प्रकाशात स्पष्ट चमकते, मात्र जाड ऊतींखाली दिसेनासे होते. म्हणून दोन्ही द्रव्ये एकाच सूक्ष्म कणावर बसविण्याची तजवीज संशोधकांनी केली आहे.