उन्हाळा, वाम मासा आणि ओलं सरपण

आम्ही तत्त्वज्ञानाचे. सूक्ष्मदर्शक हे काही आमचं हत्यार नव्हे. पण कार्यकारणाचा प्रश्न कुठेही उभा राहतो. आज तो माशाच्या पोटात पाहू. बेंबळा धरण आपल्याच बाभुळगाव तालुक्यातलं, तेव्हा मासा काही परका नाही.

वाम मासा चिरला की आतड्यात कधीकधी पांढरे, चपटे फीतकृमी सापडतात. त्यातल्या एका प्रजातीचं नाव ‘सेंगा’. महाराष्ट्रातल्या, विशेषतः मराठवाड्यातल्या प्राणिशास्त्रज्ञांनी ऋतुवार मासे तपासून अशा कृमींच्या नोंदी ठेवल्या. बहुतेक नोंदी सांगतात, की लागण उन्हाळ्यात जास्त आणि पावसाळ्यात कमी.

मोजतात कसं? समजा २० मासे तपासले आणि ५ माशांत कृमी निघाले. लागण २५ टक्के. त्या ५ माशांत मिळून १५ कृमी, म्हणजे बाधित माशामागे ३. पहिला आकडा लागण किती पसरली ते सांगतो, दुसरा ती किती दाट आहे ते.

आता आपण पटकन म्हणतो, ‘ऊन वाढलं, की जंत वाढले.’ इथे नैयायिक हात धरतात. आग आहे म्हणजे धूर असेलच, असं नाही. सरपण ओलं असावं लागतं. ही अट म्हणजे उपाधी. मग इथलं ओलं सरपण कोणतं? कृमीची अंडी पाण्यात पडतात, त्यातली अळी सायक्लॉप्स नावाचा बारीक जीव गिळतो, आणि त्याच्यावाटे ती माशात पोचते. उन्हाळ्यात पाणी आटतं, डोहात सगळे दाटीवाटीने राहतात, गाठ वारंवार पडते. पावसात पाणी पसरतं, गाठ विरळ होते. म्हणून आटणाऱ्या नाल्याचा नियम भरल्या धरणाला डोळे झाकून लावता येत नाही.

हा नुसता शब्दच्छल नव्हे. नारूही सायक्लॉप्समधूनच माणसात येई. त्यावर लस नव्हती, मारक औषधही नव्हतं. पाणी गाळून पिणं, पायविहिरी बंद करणं, हातपंप बसवणं, अशी मधली कडी तोडली गेली. १९९६ नंतर देशात रुग्ण आढळला नाही आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. उन्हाळा मात्र दरवर्षी येतोच आहे!

तेव्हा उन्हाळा आला म्हणून भोई बांधवांचा मासा नाकारू नका. हा फीतकृमी आतड्यात राहतो; आतडी काढा, मासा नीट शिजवा. आणि कारण सांगण्याआधी उपाधी शोधा.