मॉरिशस बेटातील लहान ऊस-बागाईतदार

आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी वाण्याच्या दुकानी पांढऱ्या साखरेस ‘मोरस’ म्हणत. गुळाहून महाग, म्हणून ती सणावारी किंवा पाहुण्यांसाठीच काय ती घरात येई. मोरस हे नाव मॉरिशस बेटावरून पडलेले आहे. तेथील साखर गलबतांतून मुंबई बंदरी उतरे व तेथून गावोगाव जाई. पुढे आपणच साखर करू लागलो आणि मोरस हा शब्द मागे पडला. परंतु ज्या बेटाने आपल्या भाषेला हा शब्द दिला, तेथील लहान ऊसकऱ्याचे पुढे काय झाले, हे आपल्याकडील शेतकऱ्यांनी जाणून घेण्याजोगे आहे. बाजार सातासमुद्रांपलीकडे, शेत एकर-दोन एकरांचे, आणि गिरणी दुसऱ्याच्या मालकीची, अशा स्थितीत लहान उत्पादकाला टिकवून धरण्याचे जितके उपाय सुचू शकतात, त्यांपैकी बहुतेक तेथे करून पाहण्यात आले आहेत. त्यांतील काही फळास आले, काही उशिरा आले.

बेट फार लहान. क्षेत्रफळ १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडील दोन मध्यम तालुक्यांएवढे. जमीन ज्वालामुखीच्या राखेची व लाव्हाची. माती चांगली, पण तीत दगड फार. शेतात जागोजाग काळ्या दगडांचे उंच ढीग रचलेले दिसतात. ते कोणी हौसेने रचलेले नव्हेत. लागवडीसाठी मजुरांनी पिढ्यानपिढ्या हाताने वेचून काढलेले ते धोंडे आहेत. शिवाय दर काही वर्षांनी समुद्रावरून चक्रीवादळ येते. उसाखेरीज इतर बहुतेक पिके त्या वाऱ्यापुढे आडवी होतात. ऊस लवतो, मोडतो, पण बुडख्यातून पुन्हा फुटतो. डच लोकांनी १६३९ साली ऊस आणला, फ्रेंचांनी तो वाढविला, १८१० साली इंग्रजांनी बेट घेतले व त्याचे मळेच मळे केले, त्याचे अर्धे कारण ह्या वाऱ्यात आहे. तेथील ऊस जून ते डिसेंबर ह्या महिन्यांत तुटतो. आपण खोडवा एक-दोनदा ठेवून मोडतो. तेथे एका लागणीवर सात-आठ खोडवे घेण्याचा परिपाठ आहे. दगडांतून पुन्हा लागण करणे किती खर्चाचे, हे ह्यावरून ध्यानात यावे.

गुलामगिरी १८३५ साली बंद झाली, आणि तिच्या आगेमागे, १८३४ पासून, करारबद्ध मजूर म्हणून हिंदुस्थानातून माणसे नेण्यास आरंभ झाला. त्यांत बिहारकडील लोक सर्वांत अधिक, पण मुंबई बंदरातून गेलेले कोकणातील, विशेषेकरून रत्नागिरीकडील लोकही होते. पश्चिमेकडील कास्काव्हेल गावी व इतरत्र त्यांचे वंशज आजही गणपती बसवितात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस साखरेचे भाव पडले, तेव्हा अडचणीत आलेल्या मळेवाल्यांनी आपल्या जमिनीचे कडेचे व हलके तुकडे पाडून विकावयास काढले. काटकसरीने पैसा साठविलेल्या मजुरांनी ते घेतले. तेथील लोक जमीन ‘आर्पां’ ह्या जुन्या फ्रेंच मापाने मोजतात. एक आर्पां म्हणजे एकराहून किंचित अधिक. अशा एक-दोन आर्पांच्या तुकड्यांतून लहान बागाईतदारांचा वर्ग उभा राहिला. म्हणजे तेथील लहान शेतकरी हा परंपरेने जमिनीचा धनी नव्हे. मजुराचा धनी झालेला तो मनुष्य आहे, आणि त्या आर्पांबद्दल त्याच्या घरात जी ममता आहे, तिचे मूळ ह्यात आहे.

ह्या लोकांस सावकाराच्या हातून सोडविण्यासाठी १९०९ च्या रॉयल कमिशनने सहकारी पतपेढ्या काढण्याची शिफारस केली. हिंदुस्थानात १९०४ च्या कायद्याने जो प्रयोग चालू झाला होता, त्याचाच हा कित्ता. तेथील कायदा १९१३ साली झाला. पुढे १९१९ साली मॉरिशस शुगर सिंडिकेट ही संस्था निघाली, आणि बेटातील साऱ्या साखरेची विक्री तिच्याकडून होऊ लागली. लहान असो वा मोठा, साखरेचा सरासरी भाव सर्वांस एकच. एका आर्पांच्या मालकास लंडनच्या दलालाशी स्वतः बोलावे लागत नाही, ही केवढी सोय! गिरणीवर ऊस तोलतात, त्यातील साखर तपासतात, आणि निघालेल्या साखरेपैकी शेकडा ७८ भाग बागाईतदाराचा व २२ भाग गिरणीचा, अशी वाटणी ठरलेली आहे. आपल्याकडे उसास टनावर भाव मिळतो. तेथे शेतकरी उसाचा भाव न घेता साखरेचाच वाटेकरी होतो. १९४५ सालच्या वादळांनंतर १९४६ मध्ये वादळ व अवर्षण ह्यांविरुद्ध विमाही सुरू झाला. हा विमा सक्तीचा असल्यामुळे तो टिकला; १९६० साली ‘कॅरोल’ वादळाने पीक निम्म्यावर आले, तेव्हा त्याचे महत्त्व कळले. माझ्या मते लहान बेटाने लहान शेतकऱ्यासाठी केलेल्या सर्व योजनांत ही विम्याची योजना सर्वांत शहाणपणाची आहे, आणि तिच्याविषयी बोलले मात्र सर्वांत कमी जाते.

१२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला. १९७५ साली युरोपीय राष्ट्रांशी लोमे येथे करार होऊन मॉरिशसची सुमारे पाच लाख टन साखर दरवर्षी युरोपातील हमीच्या भावाने घेण्याचे ठरले. हा भाव पुष्कळ वर्षे जगाच्या खुल्या बाजाराच्या दुप्पट-तिप्पट होता. त्या पैशाच्या बळावर कापडाचे कारखाने निघाले, हॉटेले निघाली, मुलांस शिक्षण मिळाले. हे सर्व चांगलेच झाले. पण छत्र मोठे असले म्हणजे पावसाचा अंदाज राहत नाही. शेताचे तुकडे वारसांत आणखी वाटले गेले. दगड होते तेथेच राहिले. तोडणी हाताने होत राहिली, आणि कापडाच्या कारखान्यांनी तोडणीची माणसे हळूहळू ओढून नेली. मोठ्या मळेवाल्यांनी यंत्रे आणली. लहानाच्या दगडाळ तुकड्यात यंत्र शिरूच शकत नव्हते.

मग युरोपाने आपले धोरण बदलले. २००६ पासून चार वर्षांत हमीचा भाव शेकडा ३६ ने उतरविण्यात आला. सप्टेंबर २००९ अखेर साखरेचा तो जुना करार संपला. आणि २०१७ च्या सप्टेंबरअखेर युरोपातील साखर-उत्पादनावरील बंधनेही उठली, तेव्हा तेथील बीटची साखर बाजारात लोटली. चौतीस वर्षांची सवय मोडण्यास ही मुदत पुरेशी होती काय? मोठ्या कंपन्यांस ती पुरली. त्यांनी गिरण्या एकत्र केल्या. शतकाच्या आरंभी ज्या बेटात डझन-दीड डझन गिरण्या होत्या, तेथे आज तीनच गाळप करतात. साखर शुद्ध करण्याचे कारखाने काढले, जर्मनीतील सूडझुकर कंपनीशी विक्रीचा करार केला, आणि मस्कोव्हाडो, डेमेरारा अशा तपकिरी खास साखरा महाग भावाने विकण्याकडे लक्ष दिले.

लहानासाठी सरकारने युरोपाच्या मदतीने जी मुख्य योजना आखली ती अशी. शेजारशेजारच्या तुकडेवाल्यांनी गट करावा. बांध तसेच ठेवून नव्हे, तर मशागतीपुरते सर्व क्षेत्र एक धरावे. सरकारने यंत्रे लावून दगड काढावे, सऱ्या लांब व सरळ पाडाव्या, शक्य तेथे पाणी आणावे आणि नवे बेणे लावून द्यावे. मालकी ज्याची त्याच्याकडे, शेत मात्र एक. आपल्याकडे तुकडेजोडीचा कायदा १९४७ पासून आहे. त्यात जमिनीची अदलाबदल करावी लागते, आणि तेथेच गाडे अडते. मॉरिशसने मालकीला हात न लावता मशागत जोडली, ही युक्ती विचार करण्यासारखी आहे. ज्या ज्या गटांत हे काम झाले तेथे तोडणी-वाहतुकीचा खर्च उतरला. अडचण वेगळीच आली. पुष्कळ तुकड्यांचे मालक वारसाहक्काने पाच-सहा, त्यांतले दोन परदेशी; सही कोणाची घ्यावयाची? शिवाय हे काम भाव पडू लागल्यावर सुरू झाले. वीस वर्षे आधी, हमीच्या भावातील पैशांतून ते झाले असते, तर स्वतःच्या पायावर झाले असते.

दुसरा उपाय नाममुद्रेचा. २००९-१० च्या सुमारास काही सहकारी संस्थांनी ‘फेअरट्रेड’ची मान्यता मिळविली. ह्या मान्यतेखाली विकलेल्या साखरेवर टनामागे ६० डॉलर अधिक मिळतात, आणि ते संस्थेच्या सभेने ठरवावयाचे. बहुतेकांनी खत, तणनाशके व तोडणीच्या खर्चात ते लावले. मरगळलेल्या संस्था त्यामुळे जाग्या झाल्या, हिशेब नीट ठेवू लागल्या. तथापि मान्यता मिळालेली सर्व साखर त्या नावाने विकली जातेच असे नाही. गिऱ्हाईक मिळेल तेवढीच. साखर ही शेवटी साखरच. खाणाऱ्याच्या सदिच्छेवर सारा संसार उभा करणे धोक्याचे.

खरी मेख गिरणीत आहे. उसातून साखर निघते, मळी निघते आणि चिपाड निघते. मॉरिशसमध्ये चिपाड जाळून केलेली वीज १९५७ पासून सरकारी तारांत सोडली जाते. २०१० नंतरच्या काही वर्षांत बेटाच्या एकंदर विजेपैकी सुमारे सहावा हिस्सा चिपाडाचा होता. साखरेचा भाव पडला तरी विजेचा पडत नाही. पण हे वीजघर गिरणीवाल्याचे; लहान बागाईतदारास साखरेचा शेकडा ७८ वाटा आणि चिपाडाबद्दल फार थोडे, अशी स्थिती पुष्कळ वर्षे राहिली. ही त्रुटी ओळखून १९९४ साली शुगर इन्व्हेस्टमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि त्याच्यामार्फत लहान बागाईतदार व कामगार ह्यांस गिरणी-कंपन्यांतील शेकडा २० भाग मिळाले. आपल्या वाचकांस येथे प्रवरेची आठवण होईल. लोणीस १९५०-५१ च्या हंगामात विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ ह्यांच्या प्रयत्नाने जो कारखाना चालू झाला, त्यात ऊसकरीच मालक होता. पुढे आपल्याकडे मळी, मद्यार्क, वीज ह्यांचे उत्पन्न त्याच कारखान्याच्या वहीत येऊ लागले. (सभासदांची मालकी कित्येक ठिकाणी नावापुरती उरली, हेही सांगितले पाहिजे, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.) मॉरिशसमध्ये पाचवा हिस्सा मिळाला, पण निर्णय चौघांच्याच हाती राहिले, असे तेथील लहान बागाईतदारांचे गाऱ्हाणे आहे, आणि ते निराधार वाटत नाही.

२०१८ साली भाव टनास नऊ हजार मॉरिशस रुपयांच्याही खाली आला. त्यात तोडणी-वाहतूकसुद्धा भागत नाही. सरकारने पुढे ६० टनांपर्यंत साखर पिकविणाऱ्यास टनास २५,००० रुपयांची हमी दिली, आणि नंतरच्या हंगामांत बाजारही चढला. परंतु सोडलेले शेत भाव चढला म्हणून परत येत नाही. खोडवा मेला, झुडपे माजली. पुन्हा लागण करावयाची तर दगडांपासून आरंभ. २००५ च्या सुमारास पंचवीस हजारांहून अधिक लहान बागाईतदार होते. आज त्यांच्या निम्मेही राहिलेले नाहीत. जे आहेत, त्यांतील पुष्कळांची मुले शाळेत, कचेरीत, हॉटेलात नोकरीस आहेत. रविवारी ती शेतावर जातात. समुद्राकडील व शहरालगतच्या आर्पांस बंगल्यांसाठी जो भाव येतो, तो उसाच्या वीस पिकांतही निघावयाचा नाही.

चिपाडाचा प्रश्न मात्र अलीकडे थोडा सुटला. २०२१ च्या हंगामापासून साखरेच्या टनामागे ३,३०० रुपये चिपाडाचे म्हणून प्रत्येक बागाईतदारास देण्याचे सरकारने ठरविले. रक्कम आता विजेच्या हिशेबातून येते. जे आर्पां अद्याप उसाखाली आहेत, त्यांचे मालक तोडणीचा विचार करताना आधी हा आकडा धरतात, मग साखरेचा.