वस्तरा तापवावा की दाढी भिजवावी?

हिंजवडीजवळच्या माणमध्ये थंडीच्या सकाळी गार पातं गालाला लागलं की अंग शहारतं. वस्तरा गरम पाण्यात बुडवला तर हा त्रास टळतो. धार मात्र वाढत नाही. चाळीस अंशांनी तापलेलं पोलाद जेमतेम ०.०५ टक्के प्रसरण पावतं, आणि पातळ पातं लगेच निवतंही. खरी करामत पाण्याची! केसातलं केराटिन पाणी शोषून मऊ होतं. त्याला दोन-तीन मिनिटं द्यायला हवीत. पातं गरम असो वा गार, झिजतंच. पोलादाहून कितीतरी मऊ असलेला केस धारेचे बारीक टवके उडवतो, हे २०२० साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी दाखवलं. म्हणून सलूनमध्ये आधी गरम पाण्याचा टॉवेल मागा, आणि पातं नवीनच लावायला सांगा.